वाढते वीजबिल आणि दराची निवड : आमच्या घरगुती ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ठाणे आणि मुंबई उपनगरांत वायरिंग, गिझर, पंखे आणि सौर यंत्रणेची कामे करताना आम्हांला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : वापर तेवढाच असताना बिल एवढे कसे वाढले? बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर बिलावरच छापलेले असते. परंतु आपण फक्त एकूण रक्कम आणि शेवटची तारीख पाहून बिल बाजूला ठेवतो. म्हणून नवे उपकरण घेण्यापूर्वी, किंवा वीजपुरवठादार बदलण्याचा विचार करण्यापूर्वी, आपल्या घरात खर्च होणारे शेवटचे युनिट कोणत्या भावाने पडते, हे आधी शोधावे, असा आमचा आग्रह आहे.

घरगुती वीजदर टप्प्यांचा आहे. महावितरणच्या बिलात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे, असे टप्पे असतात. २०२४-२५ या वर्षी पहिल्या टप्प्याचा वीज आकार प्रतियुनिट ४ रुपये ७१ पैसे, तर दुसऱ्या टप्प्याचा १० रुपये २९ पैसे होता आणि दोन्हींवर १ रुपया १७ पैसे वहन आकार, म्हणजे वाहिन्यांतून वीज घरापर्यंत आणण्याचा आकार, लागत असे. हे दर राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलत राहतात, त्यामुळे चालू आकडे आपल्या ताज्या बिलावरूनच घ्यावेत. मात्र टप्प्यांमधील ही मोठी दरी हाच घरगुती बिलाचा कणा आहे. १०० चा आकडा ओलांडला की सगळीच युनिटे महाग होतात, हा समज चुकीचा आहे. १३० युनिटे वापरली, तर पहिली १०० जुन्याच भावाने आणि केवळ वरची ३० महाग भावाने मोजली जातात. मीटरचे वाचन ३० ऐवजी ३५ दिवसांनी झाले, तर टप्प्यांची मर्यादाही त्या प्रमाणात वाढवली जाते. वाचनाच्या दोन्ही तारखा बिलावर असतात, त्या अवश्य तपासाव्यात.

या सर्वांवर स्थिर आकार, इंधनाच्या खर्चातील चढउतारानुसार दरमहा बदलू शकणारा इंधन समायोजन आकार आणि घरगुती ग्राहकांसाठी १६ टक्के वीज शुल्क लागते. स्थिर आकार एकही युनिट न जाळता भरावा लागतो आणि थ्री फेज जोडणीला तो सिंगल फेजपेक्षा कितीतरी अधिक असतो. पूर्वी कधीतरी थ्री फेज जोडणी घेतलेली असून आता घरात दोनच माणसे राहत असतील, तर प्रत्यक्ष भार तपासून सिंगल फेजसाठी अर्ज करता येईल का, हे आम्हांला जरूर विचारावे. उन्हाळ्याच्या सुमारास येणारे अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे देयक हे वापराचे बिल नव्हे. वर्षभराच्या सरासरी वापरावरून ठेवीची रक्कम नव्याने ठरते, तिच्यावर व्याज मिळते आणि ते बिलातून वळते केले जाते.

शेवटच्या युनिटचा भाव कशासाठी पाहायचा, हे पंख्याच्या हिशेबावरून स्पष्ट होईल. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, तर नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १२ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिटे वाचतात. वरील दरांनुसार, महिन्याला २०० युनिटे लागणाऱ्या घरात ही बचत शुल्कासह २१२ रुपयांच्या घरात जाते, तर ९० युनिटांत भागणाऱ्या घरात ती जेमतेम १०९ रुपये होते. पंखा तोच, किंमतही तीच. पण एका घरात पैसे लवकर वसूल होतात आणि दुसऱ्या घरात जुना पंखा बिघडेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे ठरते. आम्ही पंखे विकतो, तरीही दुसऱ्या घराला आम्ही हेच सांगतो.

महावितरणच्या ज्या ग्राहकांकडे स्मार्ट टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारा) बसला आहे, त्यांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत लागू झाली. या सवलतीकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नये. २ किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट होते. म्हणजे रोजची आंघोळ ९ नंतर नेली तरी महिन्याला २४ रुपयेच सुटतील. त्यासाठी घरातल्या शाळकरी मुलांची आणि नोकरदारांची सकाळ विस्कटण्यात अर्थ नाही. पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, विजेवरच्या स्कूटरचे चार्जिंग अशी कामे मात्र दुपारी सहज हलवता येतात आणि ती जरूर हलवावीत.

राज्याच्या बहुतेक भागांत घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडता येत नाही. मुंबई उपनगरांत मात्र ही सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आणि त्यानंतर राज्य वीज नियामक आयोगाने २००९ मध्ये दिलेला आदेश यांमुळे तेथील ग्राहकाला वाहिन्या जुन्याच ठेवून टाटा पॉवरकडून वीज घेता येऊ लागली. पूर्वीच्या रिलायन्सच्या त्या वाहिन्या २०१८ पासून अदानी इलेक्ट्रिसिटीकडे आहेत. अशा ग्राहकाला वीज आकार नव्या पुरवठादाराच्या दराने, तर वहन आकार वाहिन्यांच्या मालकाच्या दराने भरावा लागतो. त्यामुळे केवळ जाहिरातीतील प्रतियुनिट दर पाहून निर्णय घेऊ नये. आपल्या मे महिन्याचे आणि जानेवारीचे बिल घेऊन, तितक्याच युनिटांचे दोन्हींकडील पूर्ण बिल सर्व आकारांसह मांडावे. १०० युनिटांच्या घराला स्वस्त पडणारा पुरवठादार ४०० युनिटांच्या घराला स्वस्त पडेलच असे नाही आणि दर सुधारले की हा हिशेब पुन्हा करावा लागतो.

स्वतःचे छत असेल, तर सौर यंत्रणेचा विचार करावा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेला ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान आहे. १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिटे धरावीत. पावसाळ्यात ती बरीच घटतात. सर्वांत महाग टप्प्यातील युनिटे आधी वाचतात, म्हणून संपूर्ण बिल शून्यावर आणण्याइतकी मोठी यंत्रणा प्रत्येक वेळी फायद्याची नसते.

बिल अचानक दुप्पट झाले, तर आधी मीटरपाशी जावे. मेन स्विच चालू ठेवून घरातील सर्व बटणे आणि प्लग बंद करावेत आणि मीटरवरील लाल दिवा पाहावा. तो लुकलुकत राहिला, तर कुठेतरी वीज जात आहे : विसरलेला पंप, भिजलेली वायर किंवा शेजारची जोडणी. मेन स्विच बंद करूनही दिवा लुकलुकत असेल, तर मीटर तपासण्यासाठी पुरवठादाराकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. मीटरचे सील आपण किंवा आमच्या माणसांनीही उघडायचे नसते. बिलाविषयी वाद असताना, वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार, मागणीची पूर्ण रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास पुरवठा तोडता येत नाही. पुरवठादाराने दाद दिली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे जाता येते.

आमच्या दुकानात येताना मागील १२ महिन्यांची बिले, किंवा त्यांतील युनिटे आणि वाचनाच्या तारखा लिहिलेला कागद, सोबत आणावा. आपल्या घराचा शेवटच्या युनिटचा भाव आणि पुरवठादारांची तुलना आम्ही आपल्यासमोर बसून मांडून देऊ. त्यासाठी काही आकारले जात नाही आणि त्यानंतर आमच्याकडून काही खरेदी करावी, अशी अपेक्षाही नाही.