अमेरिकेतल्या शाळेत नोकरी करताना: हेपॅटायटिस बी ची मोफत लस आणि रक्ताशी संपर्क आल्यावरची कागदपत्रं

शाळेत पॅरा (वर्गातला मदतनीस), सबस्टिट्यूट (बदली शिक्षक), बस मॉनिटर किंवा कस्टोडियन (सफाई-देखभाल कर्मचारी) म्हणून रुजू होताना ओरिएंटेशनच्या गठ्ठ्यात एक कागद असतो: हेपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारा यकृताचा आजार) ची लस हवी की नको. बरेच जण ‘नको’वर सही करून पुढच्या कागदाकडे वळतात. मुळात हा कागद आपल्यापुढे येणार की नाही, हे आपलं पद कोणत्या यादीत आहे यावर ठरतं. ती यादी शाळेकडे लेखी असते आणि ती पाहायला मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

नियम कोणता, लागू कुणाला

ऑशाने, म्हणजे कामाच्या जागेच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, डिसेंबर १९९१ मध्ये ‘ब्लडबोर्न पॅथोजेन्स स्टँडर्ड’ (रक्तातून पसरणाऱ्या जंतूंविषयीचा नियम) प्रसिद्ध केलं. त्याचा क्रमांक २९ सीएफआर १९१०.१०३० (सीएफआर म्हणजे केंद्राच्या नियमांचा संग्रह). रोख मुख्यतः हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तिघांवर आहे.

इथे पहिली मेख आहे. केंद्राची ऑशा खासगी शाळांना लागू होते, पब्लिक स्कूलच्या (सरकारी शाळांच्या) कर्मचाऱ्यांना नाही, कारण ते राज्याचे किंवा डिस्ट्रिक्टचे (स्थानिक शाळा-प्रशासनाचे) नोकर. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिशिगन, नॉर्थ कॅरोलायना यांसारख्या राज्यांचा स्वतःचा ‘स्टेट प्लॅन’ (ऑशाच्या जागी राज्यानेच चालवलेली सुरक्षा-व्यवस्था) आहे आणि तो दोन्ही प्रकारच्या शाळांना धरतो. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, इलिनॉय, कनेटिकट, मेन आणि मॅसॅच्युसेट्सचा प्लॅन फक्त सरकारी नोकरांसाठी आहे, म्हणजे पब्लिक स्कूल त्यात येतात. फ्लोरिडा, जॉर्जिया, पेनसिल्व्हेनिया, टेक्सस यांचा असा प्लॅन नाही. टेक्ससने सरकारी संस्थांसाठी ऑशाच्या धर्तीवर वेगळा कायदा केला आहे. बाकी ठिकाणी बहुतेकदा डिस्ट्रिक्टची पॉलिसी हाच आधार, त्यामुळे एचआरकडून ती लेखी मागून घ्यावी.

पात्रता: यादीत कोण

प्रत्येक शाळेने ‘एक्स्पोजर कंट्रोल प्लॅन’ (रक्ताशी संपर्क टाळण्याचा लेखी आराखडा) लिहायचा आणि दरवर्षी तपासायचा. त्यात पदांच्या दोन याद्या असतात. पहिलीत स्कूल नर्ससारखी पदं, जिथे सगळ्यांनाच धोका आहे. दुसरीत अशी पदं, जिथे काहींनाच आणि ठरावीक कामांपुरताच धोका आहे: चावणाऱ्या किंवा ओरबाडणाऱ्या मुलांबरोबर असलेले स्पेशल एड पॅरा, रक्त पुसायचं काम ज्यांच्याकडे आहे ते कस्टोडियन, अ‍ॅथलेटिक ट्रेनर. धोका मोजताना ग्लोव्हज घातलेत असं धरायचं नसतं. ‘आम्ही ग्लोव्हज देतो, म्हणून तुमचं पद यादीत नाही’ हे उत्तर म्हणूनच चालत नाही.

कर्मचारी पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत आलेल्यांची जबाबदारी विभागलेली असते. लस आणि अपघातानंतरचा पाठपुरावा सहसा एजन्सीकडे. ग्लोव्हज, शार्प्स कंटेनर (सुयांसारख्या टोकदार वस्तू टाकायचा डबा), साफसफाईचं साहित्य शाळेकडे. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून रुजू होतानाच ईमेलने विचारून ठेवा. स्वयंसेवक आणि विद्यार्थी या नियमात येत नाहीत.

घाम, अश्रू, लाळ, लघवी, उलटी यांत रक्त दिसत नसेल तर ते या नियमाखाली ‘संसर्गजन्य’ धरत नाहीत. डायपर बदलण्याचं काम एवढ्यावरून कुणी पात्र ठरत नाही. चावण्याचा इतिहास असलेल्या मुलाची जबाबदारी असेल तर ठरू शकतं.

लस: मिळण्याची रीत

प्रशिक्षणानंतर आणि धोक्याचं काम सुरू झाल्यापासून १० कामाच्या दिवसांच्या आत शाळेने लस देऊ करायची. ती पूर्ण मोफत, सोयीच्या वेळी आणि ठिकाणी. तुमच्या हेल्थ इन्शुरन्सवर टाकून कोपे (खिशातून भरायचा वाटा) तुमच्याकडून घेणं नियमात बसत नाही. जुन्या पद्धतीच्या लसीचे तीन डोस असतात: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. हेप्लिसॅव्ह-बी घेतल्यास दोनच डोस, एक महिन्याच्या अंतराने. शैक्षणिक वर्षाच्या मध्यात रुजू होणाऱ्यांचा तिसरा डोस उन्हाळी सुट्टीत हरवतो. दोन डोसवाली लस मिळत असेल तर ती मागणं शहाणपणाचं.

लागणारे कागद थोडे: नेमणुकीचं पत्र, आधीच्या लसीकरणाची नोंद असल्यास ती. भारतात लस घेतली असेल आणि कार्ड हरवलं असेल तर अँटिबॉडीची चाचणी करता येते, पण ‘आधी चाचणी, मगच लस’ अशी अट शाळा घालू शकत नाही.

लस नाकारायची असेल तर ठरलेल्या मजकुराच्या फॉर्मवर सही लागते. ही सही कायमची नसते. काम तेच असेल तर पुढे मन बदलल्यावरही लस मोफतच मिळते, आणि अपघात झाला तर तपासणीचा हक्कही अबाधित राहतो. सही न करता गप्प राहिलात तर मात्र ‘विचारलं होतं’ की नाही यावर वाद होतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. प्रथमोपचार हे ज्यांचं मुख्य काम नाही, ओघाने करावं लागतं, अशांना शाळा आधी लस न देता घटनेनंतर २४ तासांत देऊ शकते. मात्र रक्ताचा संबंध आलेला प्रत्येक प्रथमोपचाराचा प्रसंग शिफ्ट संपायच्या आत कळवायची पद्धत तिथे असलीच पाहिजे. नर्स ऑफिसमध्ये नियमित बसणाऱ्यांना ही सवलत लागू नाही.

प्रशिक्षण रुजू होताना आणि मग दरवर्षी, कामाच्या वेळेत, पगारी. नुसता व्हिडिओ पुरत नाही. विषय जाणणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायची सोय हवी, आणि कर्मचाऱ्यांना समजेल अशी भाषा हवी. हजेरीची नोंद तीन वर्षं ठेवतात.

अपघात झाला तर

इन्सुलिनची सुई टोचली, चावल्याने कातडी फुटली, रक्त डोळ्यांत उडालं किंवा उघड्या जखमेवर लागलं, तर घड्याळ सुरू झालं असं समजा. जखम साबण-पाण्याने धुवा, डोळे भरपूर पाण्याने. जखम पिळत बसू नका, ब्लीच तर अजिबात लावू नका. मग लगेच सुपरवायझरला सांगा आणि त्याच दिवशी लिहून द्या.

घाई का? एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. हेपॅटायटिस बी ची लस न घेतलेल्यांना लागणारं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत द्यायचं असतं. हेपॅटायटिस सी साठी असं औषध नाही, म्हणून चाचण्यांवर भर: सुरुवातीची ४८ तासांच्या आत, मग ३ ते ६ आठवड्यांनी आणि शेवटची ४ ते ६ महिन्यांनी. शुक्रवारी दुपारी चावा बसला आणि सोमवारी फॉर्म भरला, तर ७२ तास जवळपास संपलेले असतात. शाळेचं ठरलेलं क्लिनिक बंद असेल तर सरळ ईआरमध्ये (इस्पितळाच्या इमर्जन्सी विभागात) जा, काउंटरवर ‘कामावरचा अपघात’ असं सांगा आणि स्वतःचं इन्शुरन्स कार्ड पुढे करू नका. एकदा बिल त्यावर गेलं की ते वर्कर्स कॉम्पकडे (कामावरच्या अपघाताचा खर्च देणाऱ्या विम्याकडे) वळवताना महिनोन्‌महिने जातात.

रिपोर्टमध्ये वेळ, जागा, करत असलेलं काम, रक्त शरीरात कुठून गेलं असेल, ग्लोव्हज होते का, साक्षीदार कोण, हे लिहा. चाव्याच्या बाबतीत ‘स्टुडंट बिट मी’ एवढ्यावर थांबू नका. कातडी फुटली का आणि मुलाच्या तोंडात रक्त होतं का, या दोन ओळींवर डॉक्टरचा निर्णय ठरतो. चावा घेणाऱ्या मुलाच्या तोंडात तुमचं रक्त गेलं असेल, तर धोका त्यालाही आहे. त्याच्या पालकांना कळवणं शाळेचं काम.

ज्याचं रक्त लागलं त्याची चाचणी संमतीनेच होते. लहान मूल असेल तर राज्याच्या कायद्यानुसार सहसा पालकांच्या संमतीने. नकार आला तर तशी नोंद शाळेने करायची. पालकांना तुम्ही स्वतः फोन करू नका. निकाल तुम्हाला कळवला जातो, पण तो गोपनीय. स्टाफ रूममध्ये बोललात तर अडचणीत तुम्ही याल.

तुमचं रक्तही तुमच्या संमतीनेच घेतात. एचआयव्ही चाचणी आत्ता नको वाटत असेल तरी नमुना देऊन ठेवा. तो ९० दिवस जपून ठेवावा लागतो आणि त्या मुदतीत कधीही चाचणी करून घेता येते. संसर्ग कामावरून झाला हे पुढे दाखवायचं असेल, तर अपघाताच्या वेळी तो नव्हता हे सांगणारा पुरावा म्हणजे हाच नमुना.

शाळेने डॉक्टरांना द्यायचे कागद असे: नियमाची प्रत, तुमच्या कामाचं वर्णन, अपघाताचा अहवाल, समोरच्याचा निकाल उपलब्ध असल्यास तो, आणि तुमच्या लसीची नोंद. तपासणी पूर्ण झाल्यावर १५ दिवसांत डॉक्टरांच्या लेखी मताची प्रत तुमच्या हातात आली पाहिजे. त्या मतात निदान नसतं. तुम्हाला निकाल आणि पुढची काळजी सांगितली, एवढंच असतं. एचआरला तुमचे चाचणी निकाल मागता येत नाहीत. वैद्यकीय नोंद नोकरी संपल्यावरही ३० वर्षं ठेवायची असते.

वर्कर्स कॉम्पचा दावा वेगळा भरावा लागतो, त्याची मुदत राज्यागणिक बदलते. शाळेला रिपोर्ट दिला म्हणजे दावा आपोआप गेला असं धरू नका.

लस किंवा तपासणी नाकारली गेली तर खासगी शाळेतल्यांनी केंद्राच्या ऑशाकडे, किंवा राज्याचा प्लॅन खासगी नोकऱ्यांनाही धरत असेल तर त्या कार्यालयाकडे तक्रार करावी. पब्लिक स्कूलवाल्यांनी, राज्याचा प्लॅन असेल तर, राज्याच्या कार्यालयाकडे. नाव गुप्त ठेवायची विनंती करता येते. तक्रारीवरून नोकरीत त्रास दिला गेला, तर केंद्राच्या कायद्याखाली दाद मागायला फक्त ३० दिवस असतात.