हिरवट वटवट्या

शास्त्रीय नाव फायलोस्कोपस ट्रोकिलॉइडिस. फायलोस्कोपिडी कुलातील हा लहानसा, कीटक खाणारा, स्थलांतर करणारा वनपक्षी. त्याची वीण बाल्टिक समुद्रालगतच्या प्रदेशापासून सायबेरियापर्यंत आणि मध्य आशियातील पर्वतांपासून हिमालय व चीनपर्यंतच्या जंगलांत होते; हिवाळा तो भारतीय उपखंडात आणि आग्नेय आशियात काढतो. महाराष्ट्रात तो साधारण सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत राहतो आणि सह्याद्रीच्या जंगलांप्रमाणेच शहरांतील दाट बागांमध्येही आढळतो.

लांबी सुमारे १० सेंमी., वजन अवघे ८ ग्रॅमच्या आसपास. पाठ राखट हिरवी, पोट मळकट पांढरे, डोळ्यावर लांब फिकट भुवई आणि पंखावर एकच बारीक फिकट पट्टी. नर-मादी सारखेच दिसतात. पिसे झिजली की पंखावरची पट्टी दिसेनाशी होते, त्यामुळे ओळख पटवताना डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवावी. ‘चि-विट्’ असा तीक्ष्ण, तुटक आवाज पानांतून आला की पक्षी नजरेस पडण्याआधीच कळतो. कॉकेशसकडून येणारा हिरवा वटवट्या पूर्वी याच जातीत धरला जाई. तो अधिक पिवळसर असतो आणि पश्चिम घाटात दोघेही हिवाळ्याला येतात.

दिसायला असा साधा असलेला हा पक्षी उत्क्रांतिशास्त्रात मात्र फार मोलाचा आहे. तिबेटच्या पठाराचा मध्यभाग वृक्षहीन आहे, आणि वटवट्याला झाडे लागतात. त्यामुळे त्याची वस्ती पठाराला वळसा घालून दोन्ही बाजूंनी उत्तरेकडे पसरली. हिमालयातून पश्चिमेच्या बाजूने वर जावे किंवा पूर्वेच्या बाजूने, शेजारशेजारच्या वस्त्यांमध्ये रंग आणि गाणे थोडेथोडेच बदलत जाते. दक्षिणेकडे गाणी आखूड व सोपी असतात, उत्तरेकडे ती लांब आणि गुंतागुंतीची होतात. पण पश्चिमेची गुंतागुंत एका तऱ्हेची आणि पूर्वेची दुसऱ्या. मध्य सायबेरियात ही दोन टोके पुन्हा एकत्र येतात. तेथे पश्चिमेचा विरिडॅनस आणि पंखावर दोन पट्ट्या असलेला पूर्वेचा प्लंबेइटार्सस हे या पक्ष्याचे दोन प्रकार एकाच जंगलात राहतात, पण सहसा जोडी जमवत नाहीत. एकाच्या गाण्याची ध्वनिफीत लावली, तर दुसरा नर तिची दखल घेत नाही.

अशा रचनेला वलयी प्रजाती म्हणतात. क्लॉड टाइसहर्स्ट या पक्षिशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये या पक्ष्याबाबत ही मांडणी केली. पुढे डॅरेन अर्विन, स्टाफन बेन्श आणि ट्रेव्हर प्राइस यांनी गाणी व जनुके तपासून २००१ मध्ये तिला भक्कम आधार दिला. २०१४ मधील सविस्तर जनुकीय अभ्यासाने चित्र थोडे बदलले : वलयातील काही वस्त्या भूतकाळात एकमेकींपासून तुटलेल्या होत्या आणि सायबेरियातील दोन टोकांमध्येही किंचित जनुकमिश्रण झाले आहे. वलय अखंड नव्हते, हे यातून दिसते. तरीही एका जातीच्या दोन जाती कशा होतात, याची इतकी पायरीपायरीने उलगडणारी उदाहरणे निसर्गात फारच थोडी सापडतात.

स्थलांतराचे मार्गही याच वळशाला धरून आहेत. पश्चिमेकडचे पक्षी पठाराला पश्चिमेने वळसा घालून भारतात उतरतात, पूर्वेकडचे आग्नेय आशियाकडे जातात. आपल्याकडे येणारे बहुतेक विरिडॅनस असतात.

हिवाळ्यात जोडी नसते. नर असो वा मादी, प्रत्येक पक्षी आपापला झाडांचा टापू राखतो, घुसखोराला हाकलतो आणि पुढच्या वर्षी बहुधा त्याच टापूत परततो. दिवसभर तो पानांच्या खालच्या-वरच्या बाजू चाळत किडे, लहान अळ्या व कोळी टिपतो, मधूनच उडता कीटक हवेत पकडतो. किड्यांचे प्रमाण पालवीवर आणि पालवीचे पावसावर अवलंबून असल्याने पानगळीच्या जंगलात उन्हाळा जवळ येईल तसे त्याचे अन्न घटत जाते. सदाहरित आणि जुनी, दाट पानांची झाडे त्याच्यासाठी म्हणूनच महत्त्वाची आहेत. बागेतली अशी झाडे तोडून शोभेची झुडपे लावली, तर त्याचा टापूच जातो.

वीण उन्हाळ्यात. मादी जमिनीवर, उतारावर किंवा मुळांच्या आडोशाला गवत-शेवाळाचे घुमटाकार घरटे बांधून त्यात साधारण ४ ते ६ पांढरी अंडी घालते. विसाव्या शतकात युरोपात त्याचा प्रसार पश्चिमेकडे वाढला असून जागतिक पातळीवर ही जात धोक्यात नाही.