पाच अधिक तीन, उत्तर त्रेपन्न

जावास्क्रिप्ट शिकत होतो तेव्हा एक छोटं पान बनवलेलं, दोन खोकी आणि एक बटण, एका खोक्यात ५ टाका, दुसऱ्यात ३, बटण दाबा की खाली बेरीज. उत्तर आलं ५३. बराच वेळ मी बटणाचाच कोड वाचत बसलो, मग सहज अधिकच्या जागी वजा टाकून बघितलं तर २, एकदम बरोबर! बेरीज येत नाही पण वजाबाकी येते, असलं कधी ऐकलंय का?

तर भानगड अशी आहे की ब्राउझरच्या खोक्यात तुम्ही काहीही टाइप करा, प्रोग्रामच्या हातात पडतो तो मजकूर म्हणजे स्ट्रिंग. आणि अधिकच्या चिन्हाला तिथे दोन नोकऱ्या आहेत, दोन्हीकडे आकडे असतील तर बेरीज, पण एक जरी स्ट्रिंग दिसली की दुसऱ्यालाही स्ट्रिंग करायचं आणि दोन्ही एकापुढे एक चिकटवायच्या. वजाला स्ट्रिंगवर करण्यासारखं काही कामच नाही, म्हणून ते बिचारं मुकाट्याने दोन्हींचे आकडे करून घेतं. म्हणजे भाषा चुकली नाही, तिने नियम पाळला, फक्त मला न विचारता.

असा न विचारता मूल्याचा प्रकार म्हणजे टाइप बदलणं (आकड्याची स्ट्रिंग, स्ट्रिंगचा आकडा), यालाच लूज टायपिंग म्हणतात. पायथन या दुसऱ्या भाषेला ५ आणि "३" ची बेरीज सांगून बघा, टाइप एरर देऊन तिथेच थांबेल. (पायथनमध्येही व्हेरिएबलचा, म्हणजे मूल्य ठेवायच्या नावाचा, टाइप आधी सांगावा लागत नाही, तरी तो या बाबतीत कडक आहे. लोक या दोन गोष्टींची नेहमी गल्लत करतात.) जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत १९९५ च्या मे महिन्यात १० दिवसांत उभा केला, आणि ती भाषा नवशिक्यांनाही वापरता यावी अशी होती. त्यामुळे एरर देण्यापेक्षा सांभाळून घेणं तिच्या रक्तातच आहे, आणि मला विचाराल तर खरा त्रास तोच, प्रोग्राम बंद पडला असता तर चूक लगेच सापडली असती.

१०, ९, १ हे आकडे नुसतं सॉर्ट म्हणून लावायला सांगा, १, १०, ९ असे लागतात, कारण सॉर्ट आधी सगळ्यांच्या स्ट्रिंग करतो. दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर ० हा रिकाम्या स्ट्रिंगबरोबर समान, ० हा "०" बरोबरही समान, पण "०" आणि रिकामी स्ट्रिंग मात्र समान नाहीत! म्हणून नंतर तीन बरोबरचं चिन्ह आलं, ते टाइप बदलत नाही.

पण खरी भीती वाटावी असा प्रकार पीएचपी या वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेचा. तिथे दोन्ही बाजूंना स्ट्रिंगच असल्या तरी त्या आकड्यांसारख्या दिसल्या की दोन बरोबरचं चिन्ह त्यांची तुलना आकडे म्हणून करतं. आता एमडी५ हॅश, म्हणजे कुठल्याही मजकुरावरून ठरलेल्या गणिताने काढलेला ठसा, ही ३२ अक्षरांची स्ट्रिंग, ती जर शून्य, मग 'ई' आणि पुढे नुसते आकडे अशी निघाली तर पीएचपी ती वाचतो 'शून्य गुणिले दहाचा अमुक घात', म्हणजे शून्यच. अशी हॅश निघण्याची शक्यता मी काढली तर साधारण ३४ कोटींत एक येते, ऐकायला दुर्मिळ, पण कॉम्प्युटरला ३४ कोटी म्हणजे काहीच नाही. २४०६१०७०८ या आकड्याची हॅश अगदी तशीच आहे, नुसतं १ पासून मोजत निघालं तरी सापडेल. 'QNKCDZO' ही सात इंग्रजी कॅपिटल अक्षरं लिहिली तर त्यांचीही तशीच. हॅश वेगवेगळ्या, पण पीएचपीच्या लेखी शून्य बरोबर शून्य. लॉगिनचा कोड पासवर्डच्या हॅशची अशी तुलना करत असेल आणि एकाचा पासवर्ड यातला पहिला असेल, तर दुसरा टाकून कुणीही आत.

२०२० मध्ये पीएचपी ८ आलं, त्यात ० आणि अक्षरांची स्ट्रिंग यांना समान म्हणायचं बंद झालं. त्या दोन हॅश मात्र दोन बरोबरच्या चिन्हाला आजही समानच वाटतात.