डॉल्फिनच्या आयातीचा वाद: पार्श्वभूमी

प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांवर, विशेषतः मलाइतावर, डॉल्फिनची शिकार जुनी आहे. होड्यांतून दगडावर दगड आपटत कळप किनाऱ्याकडे हाकायचा, मांस वाटून घ्यायचे आणि दात चलन म्हणून किंवा वधूमूल्यात वापरायचे, अशी ही रीत. पुढे जिवंत डॉल्फिनला परदेशी गिऱ्हाईक मिळाले. २००३ मध्ये २८ डॉल्फिन विमानाने मेक्सिकोतील कानकूनला गेले. टीकेनंतर आलेली निर्यातबंदी टिकली नाही आणि २००७ मध्ये तितकेच डॉल्फिन दुबईला रवाना झाले.

वन्यजीवांच्या व्यापारावरील ‘साइट्स’ करारानुसार अशा निर्यातीसाठी, पकडीमुळे प्रजातीच्या अस्तित्वाला बाधा येत नाही, असा शास्त्रीय निर्वाळा लागतो. त्या पाण्यात डॉल्फिन किती, याची भरवशाची मोजणी नसताना तो दिला कसा, ही टीकाकारांची पहिली हरकत होती. दुसरी अधिक मूलभूत होती: प्रवासातील इजा टाळण्याची अट सोडली, तर करार प्रजातीची चिंता करतो; कळपातून तोडलेल्या एका जनावराचे पुढे काय होते, हे त्याच्या कक्षेत जवळजवळ येतच नाही. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरील रिसॉर्टने घेतलेल्या २७ सॉलोमन डॉल्फिनपैकी दोन २०१० मध्ये मलेशियातील लंकावी येथे जंतुसंसर्गाने मेले. नोव्हेंबर २०१२ मध्ये फिलिपिन्सहून सिंगापूरला नेताना आणखी एक विमानातच दगावला. आपण नियम पाळले, असे रिसॉर्टचे म्हणणे होते. ते मान्य केले तरी मूळ आक्षेप तसाच उरतो.

अमेरिकेत मात्र परवाना देणाऱ्या यंत्रणेनेच जनावरांच्या वयाकडे पाहिले. रशियाच्या ओखोत्स्क समुद्रात पकडलेले १८ बेलुगा (डॉल्फिनच्या नात्यातले पांढरे देवमासे) आणण्याचा जॉर्जिया अ‍ॅक्वेरियमचा अर्ज २०१३ मध्ये फेटाळताना, त्यांतील पाच पिल्ले सुमारे दीड वर्षाची आणि बहुधा आईच्या दुधावर अवलंबून होती, हेही एक कारण नोंदवले गेले. २०१५ मध्ये न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

केरळ आणि महाराष्ट्रासह काही राज्यांत डॉल्फिनेरियमचे, म्हणजे डॉल्फिन ठेवून त्यांचे खेळ दाखवणाऱ्या केंद्रांचे प्रस्ताव पुढे येत असताना, १७ मे २०१३ रोजी भारताच्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून अशा प्रकल्पांना परवानगी नाकारण्यास सांगितले. डॉल्फिनना ‘मानवेतर व्यक्ती’ मानावे, असे काही शास्त्रज्ञांचे मत त्यात उद्धृत आहे. भारताने डॉल्फिनना व्यक्तीचा दर्जा दिला, ही पुढे पसरलेली बातमी त्या एका वाक्याचा फुगवटा होता. प्रत्यक्ष आदेश प्रकल्पांच्या मनाईपुरताच होता.