बाल्कनीच्या दारातून आत येणारं पाणी

कळंगुट-कांदोळीकडची हॉटेलं हल्ली एकदम डिजिटल झालीयेत, मोबाईलवर चेक-इन काय, क्यूआर कोडवर मेनू काय. थोडा कागद वाचतो, ठीक आहे. पण वीज खातो तो एसी, आणि आपल्या गोव्यात एसी नुसती हवा थंड करत नाही, हवेतलं पाणी उपसत बसतो.

हिशोबच करून बघूया. पावसाळ्यात बाहेर ३० डिग्री आणि ८० टक्के आर्द्रता असली की एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ असते, एसी लावलेल्या २४ डिग्रीच्या खोलीत तीच १२ ग्रॅमच्या आसपास. खोली बारा बाय चौदा, उंची दहा फूट, म्हणजे ४७-४८ घनमीटर. आता गेस्टने समुद्र बघायला बाल्कनीचं दार सताड उघडं टाकलं (एसी चालूच, पैसे भरलेत ना!) आणि आतली हवा एकदा जरी पूर्ण बदलली तरी अर्धा लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन आत शिरतं. अशा हवेतून २६ डिग्रीलाच दव पडायला लागतं, म्हणून मग आरसा धुरकट आणि लादी चिकट. यातलं एक लिटर पाणी परत काढायचं तर सुमारे २४५० किलोज्यूल उष्णता ओढून बाहेर टाकावी लागते, आणि दार उघडं आहे तोवर हे संपतच नाही.

दारापाशी कार्ड खोचायचा डबा असतो ना, त्याच्या साध्या प्रकारात आत फक्त एक बटण असतं. कुठलंही कार्ड चालतं. लोक व्हिजिटिंग कार्ड खोचून बीचवर जातात आणि रिकामी खोली दिवसभर गारेगार. त्यावर उपाय म्हणून छतावर पीआयआर सेन्सर आले, अंगातून निघणारे इन्फ्रारेड किरण हलले की त्याला कळतं, पण गाढ झोपलेला माणूस हलतोच कुठे? मग रात्री दोनला एसी बंद आणि रिसेप्शनला फोन. शहाणी सिस्टीम मुख्य दारावरही सेन्सर लावते: दार बंद झाल्यावर आत एकदा जरी काही हललं तर माणूस आत आहे, आणि दार परत उघडेपर्यंत तो आतच धरायचा. मला विचाराल तर सगळ्या अ‍ॅपपेक्षा ही साधी अक्कल भारी.

रिकाम्या खोलीचा एसी साफ बंद करणंही आपल्याकडे परवडत नाही, जुलैत चार दिवसांत पडद्याला कुबट वास आणि कपाटामागे बुरशी. म्हणून बुकिंगचं सॉफ्टवेअर एसीला जोडतात, चेकआऊट झालं की सेटिंग २७-२८ वर आणि ओल वाढली तरच मशीन चालू, पुढचा गेस्ट यायच्या आधी अर्धा तास नॉर्मल. गोव्याची बहुतेक वीज बाहेरच्या राज्यांतून येते, आणि देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साईड पडतो, तेव्हा हे नुसतं मालकाचं बिल नाही.

दहा खोल्यांच्या गेस्टहाऊसला एवढं सॉफ्टवेअर लागतही नाही. बाल्कनीच्या दाराला छोटं चुंबक, चौकटीला रीड स्विच (चुंबक जवळ आहे की लांब गेलं ते ओळखणारा छोटा स्विच), दार उघडलं की रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, एसी थांबवतो. फक्त मिनिट-दोन मिनिटांचा उशीर ठेवायचा, नाहीतर ओला टॉवेल वाळत घालायला बाहेर गेलेला माणूसही वैतागेल, आणि परत चालू होताना कॉम्प्रेसरला तीनेक मिनिटं द्यायची, आतला गॅसचा दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो.