स्टिअरिंग लिंकेजची भूमिती (लिफ्ट केलेल्या जीप-जिप्सी)

स्टिअरिंग बॉक्समधले वळण पुढच्या चाकांपर्यंत पोचवणाऱ्या दांड्या, आर्म आणि बॉल जॉइंट यांच्या लांबी-कोनांचा हिशेब म्हणजे स्टिअरिंग लिंकेजची भूमिती. ठाणे-नवी मुंबईत पावसाळी ऑफ-रोडिंगसाठी जुन्या गाड्या उंच करून घेणाऱ्यांना हा विषय बहुधा गाडी उंच झाल्यावरच भेटतो. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), शॉकअप आणि टायर नवे येतात. ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी, आहे तीच राहते.

१९८५ साली आलेल्या जिप्सीला पुढे अखंड एक्सल आणि पाटे आहेत. पिटमन आर्मपासून (बॉक्सच्या शाफ्टवर बसलेला आर्म) निघालेली ड्रॅग लिंक नकल (चाक ज्यावर बसून वळते तो भाग) वळवते आणि टाय रॉड ते वळण दुसऱ्या चाकाला देतो. अडचण अशी की बॉक्स चॅसीवर बसलेला असतो आणि चाक एक्सलवर. खड्ड्यात एक्सल पाट्यांवर जवळपास सरळ वर-खाली होतो, ड्रॅग लिंकचे टोक मात्र कंसात फिरते. दोन्हींतला फरक चाक वळून भरून निघतो, ड्रायव्हरने हात हलवला नसला तरी. याला बम्प स्टिअर म्हणतात.

आकडे पाहिले की लिफ्टचा परिणाम लगेच कळतो. ८०० मिमी लांबीची लिंक आडवी असेल, तर चाक ५० मिमी उचलले गेल्यावर तिचा आडवा पल्ला सुमारे दीड मिमी घटतो. ४ इंच लिफ्टनंतर तीच लिंक १०० मिमी कलली असेल, तर तेवढ्याच धक्क्यात पल्ला पावणेपाच मिमीच्या आसपास वाढतो. १५० मिमीच्या नकल आर्मवर हे पावणेदोन अंशांहून थोडे जास्तच वळण झाले. पाम बीच रोडच्या सपाट डांबरावर याचा पत्ताही लागत नाही. घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर खड्डे लागले की गाडी लेन सोडू पाहते.

ड्रॅग लिंक पुन्हा आडवी करणे हाच खरा उपाय. खाली झुकलेला पिटमन आर्म स्वस्त पडतो, पण बॉक्सच्या शाफ्टवर वाकवणारा ताण वाढवतो. नकलच्या माथ्यावर नवा आर्म बसवणे महाग. मात्र त्याने टाय रॉडही वर घेता येतो आणि दगडांवर आपटत नाही. असे आर्म घडवणारी लेथ-मिलिंगची वर्कशॉप वागळे इस्टेटमध्ये आणि तुर्भे-रबाळेच्या एमआयडीसीत आहेत. मूळ आर्म गॅसवर तापवून वाकवण्याची टूम मात्र सरळ नाकारावी: फोर्जिंगचे (घडीव भागाचे) उष्णतासंस्करण गेले की तडा कुठून जाईल सांगता येत नाही. टाय रॉड वर घेतल्यावर पाटे पूर्ण दबवून तो त्यांना घासतो का हेही पाहावे लागते.

जिम्नीसारख्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत पॅनहार्ड रॉड (एक्सलला चॅसीशी आडवा जोडून धरणारी दांडी) एक्सललाच कंसात फिरवतो. म्हणून तिथे ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड समांतर व जवळपास समान लांबीचे हवेत. फक्त एकाचेच ब्रॅकेट खाली आणणे म्हणजे नवा बम्प स्टिअर विकत घेणे.

वळताना आतले चाक बाहेरच्याहून जास्त वळावे, या रचनेचे पेटंट रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये लंडनमध्ये घेतले. कल्पना म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांची. एक्सलमागचा टाय रॉड नकल आर्मचा कोन न बदलता पुढे आणला, तर हा क्रम उलटतो. चिखलात कोण विचारतो? पण तीन हात नाक्याला यू-टर्न घेताना टायर घासले जातात.

कॅस्टर, म्हणजे नकल ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन, हा निराळा विषय. तो कमी झाल्यास वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मान्य करत नाहीत. पासिंग एमएच-०४ चे असो वा एमएच-४३ चे, हा नियम सारखाच.

काम झाल्यावरची तपासणी दोघांनी करायची असते. गाडी जमिनीवर उभी ठेवून एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे हलवायचे, दुसऱ्याने प्रत्येक जॉइंटवर हात ठेवून ढिलाई शोधायची, आणि कॅसल नटमध्ये स्प्लिट पिन नवी आहे ना हे डोळ्यांनी पाहायचे.