शैक्षणिक कर्जाचा हप्ता जास्तीचा कापला? आधी मँडेट वाचून बघा

पासबुकात ‘एसीएच’ची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापल्याची ओळ दिसते आणि मुलीच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता एकाच महिन्यात दोनदा गेलेला असतो. रामबागेत काय नि टिळकनगरात काय, आपण इंदूरकर आधी शाखेत जाऊन तोंडी भांडून येतो. त्या भांडणाला तक्रार क्रमांक नसतो, त्यामुळे पुढे त्याचा उपयोगही होत नाही.

आधी मँडेटची प्रत मागवा. खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी देणारा, कर्ज घेताना सही केलेला हा कागद सहसा कोणी वाचत नाही. त्यात एका वेळी जास्तीत जास्त किती कापता येईल याची मर्यादा असते आणि ती बहुधा हप्त्यापेक्षा बरीच मोठी ठेवलेली असते. म्हणून दंडाची रक्कम कापली गेली तरी बँक ‘परवानगी होती’ म्हणून मोकळी होते. तिथे वाद हिशेबाचा, तो कर्ज देणाऱ्याशी घाला. मँडेटची मुदत संपल्यावर, मर्यादेबाहेर किंवा मँडेटच नसताना पैसे गेले, तर मात्र स्वतःच्या बँकेलाही लगेच लेखी कळवा.

इथे घाई महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेची सूचना आल्यापासून ३ कामकाजी दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. ४ ते ७ कामकाजी दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत येतं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची.

तक्रारीचा अर्ज खातेदाराचाच हवा. खातं वडिलांचं असेल तर मुलीने बंगळुरूहून मेल टाकून भागत नाही. सोबत खातेउतारा, यूएमआरएन (मँडेटचा ओळख क्रमांक) असलेलं मँडेट, मंजुरीपत्र, हप्त्यांचं वेळापत्रक. कर्ज फिटलं असेल तर एनओसी, म्हणजे बाकी नसल्याचा दाखला. अर्ज हिंदीत लिहिलेला बरा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ‘सीएमएस’ या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करा. शुल्क नाही, भोपाळची फेरी नाही. १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते.

रागाच्या भरात मँडेट रद्द करायचं असेल तर थांबा. हप्ते बाकी असतील तर भरण्याची दुसरी सोय आधी लावा. खात्यात पैसे नसल्याने मँडेटवरचा हप्ता कापता आला नाही, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याचं कलम २५ चेक बाउन्ससारखंच लागू होऊ शकतं.